सीलबंद बॅटरीची खरी स्थिती मालकाला कळावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विजेवरच्या वाहनांच्या बॅटऱ्यांविषयीची चर्चा बहुधा एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, या प्रश्नाभोवतीच फिरते. या बॅटऱ्या सीलबंद झाल्या, हा बदलही तितकाच मोठा असून त्याची दखल फारशी घेतली जात नाही.

जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत चार्जिंगच्या अखेरीस पाण्याचे विघटन होऊन वायू बाहेर पडत, त्यामुळे झाकणे उघडून वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागे. सीलबंद प्रकारात आम्ल काचतंतूंच्या सच्छिद्र थरात शोषलेले असते. धन पट्टीवर निघालेला ऑक्सिजन त्या थरातील मोकळ्या जागांतून ऋण पट्टीपर्यंत पोचतो आणि तेथे त्याचे पुन्हा पाणी होते. दाब वाढलाच, तर एक छोटी झडप तो बाहेर सोडते. इतका नेमका उपाय क्वचितच पाहायला मिळतो. जनरल मोटर्सची १९९६ ची विजेवरची मोटार ईव्ही-१ अशाच बॅटऱ्यांवर धावली. तिच्या पुढच्या आवृत्तीत निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या आल्या. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीने पुढे हे क्षेत्र व्यापले, कारण लेड-अ‍ॅसिड बॅटरीत किलोमागे साधारण ३० ते ४० वॅट-तास ऊर्जा मावते, तर आजच्या चांगल्या लिथियम सेलमध्ये २५० च्या आसपास.

लिथियम सेलला तर सीलबंद राहण्यावाचून गत्यंतरच नाही, कारण किंचित ओलावाही आतील द्रावण बिघडवतो. पूर्वी पाण्याची पातळी आणि आम्लाची घनता तपासून बॅटरीची प्रकृती कोणालाही अजमावता येत असे. परिणामी आता प्रत्येक सेल-समूहाचा व्होल्टेज, तापमान आणि उरलेली क्षमता यांचा हिशेब फक्त बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमपाशी, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेपाशी, असतो, आणि पडद्यावर दिसणारी टक्केवारी त्या क्षणीचे चार्जिंग सांगते, झीज नव्हे. पाच वर्षे वापरलेली गाडी घेणाऱ्यासाठी हा फरक निर्णायक आहे.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीने ही माहिती खरेदीदाराला वाचता यावी, अशी तरतूद केली आहे. माझ्या मते ती सर्वत्र हवी. उत्पादकांनी उरलेली क्षमता आणि सदोष सेलची नोंद कोणत्याही जाणकार तंत्रज्ञाला तपासता येईल अशा स्वरूपात द्यावी, आणि एका मॉड्यूलच्या, म्हणजे सेलच्या एका गटाच्या, बिघाडापायी संपूर्ण पॅक बदलावा लागणार नाही, अशी त्याची रचना करावी.

आपला विश्वासू,
एक वाचक