चिऊच्या कोरियनबद्दल ताईला पत्र

सोल, ९ ऑक्टोबर

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. चिऊ दिवसभर कोरियन गाणी लावून बसते, वहीत ती अक्षरं गिरवते आणि आता क्लास लाव म्हणून मागे लागलीय. भाऊजींना हे खूळ वाटतं. मला नाही वाटत, म्हणून फोनवर दोन वाक्यांत उरकण्यापेक्षा सविस्तर लिहितेय. आज सुट्टीच आहे. इथे आज हांगुल दिन, म्हणजे चक्क लिपीचा सण!

राजा सेजोंगने ही लिपी १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांच्या हाती दिली. आज वापरात असलेली मूळ अक्षरं फक्त २४. तू वर्गात कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य शिकवतेस ना, ते इथे अक्षराच्या आकारातच आहे. 'न'चं अक्षर म्हणजे दातांमागे टेकलेली जीभ, 'म'चं म्हणजे तोंडाचा चौकोन. चिऊची वही एकदा या नजरेने बघ, तुलाच आवडेल.

माझ्या संध्याकाळच्या वर्गात बऱ्याच जणी गाण्यांमुळेच आल्यात. आवडत्या गायक-गटातली मुलं लाइव्हवर गप्पा मारतात, सगळे हसतात, आणि आपण भाषांतराची वाट बघत बसायचं, हे त्यांना सहन होत नाही. शेजारी बसणारी ब्राझीलची मुलगी वहीच्या डाव्या पानावर गाण्याच्या ओळी लिहिते, क्रियापदांखाली लाल रेघ मारते आणि उजव्या पानावर त्यांचीच आदरार्थी रूपं लिहून काढते. ते करावंच लागतं. गाण्यांत बहुतेक अरे-तुरेची भाषा, आणि तीच घेऊन दुकानातल्या आजींशी बोललं तर तो उद्धटपणा होतो. तिला वाक्यरचनेतही फार झगडावं लागतं. चिऊला तेवढं लागणार नाही, कारण इथेही आपल्यासारखं क्रियापद शेवटी आणि नामाला प्रत्यय.

मागे एका गाण्यांच्या कार्यक्रमाला गेले होते. कुठल्या ओळीनंतर चाहत्यांनी काय ओरडायचं ते ठरलेलं असतं, गायकांच्या कंपन्या त्याचा तक्ता आधीच कोरियनमध्ये जाहीर करतात. माझ्या रांगेतल्या मुली कुठल्या कुठल्या देशांतल्या, पण आरतीत टाळी पडावी तशा सगळ्या एकदम! मला भरून आलं गं.

नुसत्या गाण्यांवर भाषा येत नाही, हेही खरं. सुटे शब्द साठतात, वाक्य जुळत नाही. हे कंपन्यांनाही कळलंय. बीटीएस या गायक-गटाच्या कंपनीने २०२० मध्ये त्यांच्याच व्हिडिओंमधली वाक्यं घेऊन छोटे धडे काढले. तरी चुका दाखवणारं माणूस समोर लागतंच, म्हणून क्लास लाव. पुढे टॉपिक, म्हणजे कोरियन भाषेची परीक्षा, देता येईल. तिच्या सहा पातळ्या असतात आणि पहिल्या दोनला फक्त ऐकणं आणि वाचणं असतं.

भाऊजींना सांग, दिल्लीत जेएनयूमध्ये कोरियनची पदवी आहे, रांजणगावला एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. त्यांची काळजी मला समजते. पण चिऊसमोर नोकरीचा विषय एवढ्यात नको. ती आवडीने बसतेय, तिला बसू दे.

एकच अट घाल. रोमन लिपीतले गाण्याचे बोल आजपासून बंद, त्याने उच्चार बिघडतात. हांगुलच वाचायचं, अडलं तर देवनागरीत लिहून मला पाठवायचं. मी रविवारी फोनवर म्हणून घेईन.

आईच्या गुडघ्याचं कळव.

तुझी,
धाकटी