गार्डसाहेबाला घरी बसवायचं म्हणतात

नाशिकरोड,
रविवार, रात्र

प्रिय माधवी,

गुरुवारी आपल्या विशेष शाळेतल्या गार्डसाहेबाला हॉलमध्ये पालथं पाडलं. दोघा शिपाईमामांनी मिळून. एकाचा गुडघा त्याच्या पाठीवर होता. घरी सांगितलं तर ‘तुला लागलं नाही ना?’ एवढंच विचारतात. मला नाही लागलं. पण हे सांगून ज्याला कळेल असं माणूस तू एकटीच, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मला मधेच तोडतेस.

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे.

तू ओळखणार नाहीस त्याला. सोळाचा झालाय, माझ्याहून वीतभर उंच, मिसरूड फुटलंय. शब्द मात्र अजून नाही. हिरवा रुमाल आहेच. स्टेशनकडून शिट्टी ऐकू आली की आजही उठून दारात उभा राहतो, आणि त्याने रुमाल हलवल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. नवीन ताईसुद्धा शिकल्या ते.

गॅदरिंगची तालीम चालली होती. ढोल, लेझीम, शिवाय कुणीतरी स्पीकर लावलेला. याने शर्टाची कॉलर दातात धरली आणि भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या मारायला लागला. तू असतीस तर तिथेच उठली असतीस. कॉलर दातात आली म्हणजे अजून पाचदहा मिनिटं आपल्या हातात आहेत, हे तूच मला दाखवलं होतंस. नवीन सरांना वाटलं, मुलगा ऐकत नाही. ‘बस खाली.’ मग ‘बस म्हणतो ना!’ मग आणखी मोठ्याने तेच, आणि मागून जाऊन खांद्यावर हात. मागून, माधवी! तो गर्रकन वळला, हात उठला, सरांचा चष्मा फुटला, ओठ फाटला. मग मामा धावले.

मी जिन्यात होते. आत आले आणि ओरडले, ‘गुडघा काढा आधी!’ पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन आलं की छाती फुलायला जागा उरत नाही. तो धडपडतो ती श्वासासाठी, आणि वरच्याला वाटतं अजून जोर करतोय, म्हणून तो आणखी दाबतो. असे जीव गेलेत, इस्पितळात गेलेत, शाळांमध्ये गेलेत. मामांना दुसऱ्या दिवशी चहा देऊन हे नीट सांगितलं, तर थोरले मामा रडायलाच लागले. ‘बाई, मला वाटलं मी सरांना वाचवतोय.’ खरंच वाचवत होते. कसं वाचवायचं ते त्यांना कुणी कधी शिकवलंच नाही. पगार शिपायाचा आणि कामं सगळी.

त्याला कुशीवर वळवलं. ताईंनी मुलांना बागेत नेलं, सरांना बाहेर पाठवलं, स्पीकर आणि ट्यूब दोन्ही बंद केल्या. मग मी भिंतीला टेकून खाली बसले, त्याच्यापासून अंतर ठेवून, जराशी तिरपी, दाराची वाट त्याला मोकळी ठेवून. ‘का मारलंस’ नाही, ‘सॉरी म्हण’ नाही. त्या वेळी बोललेला प्रत्येक शब्द त्याला आणखी एक ढोलच. बराच वेळ त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता. मग खांदे उतरले. आणि मग त्याने डावा तळहात जबड्यावर दाबला. काढला. पुन्हा दाबला.

त्या रात्री रजिस्टर घेऊन बसले. हो, तेच रजिस्टर! आधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. तीन रकाने. कडुनिंबाखाली आपलं त्यावरून जे वाजलं होतं, त्यानंतर दिवाळीपर्यंत तू माझ्याशी बोलली नव्हतीस. ‘मूल समोर आहे आणि ही वही बघते,’ म्हणालीस. अजूनही माझं म्हणणं तेच आहे, बाई. तुझी नजर तुझ्याबरोबर नागपूरला गेली. वही इथे राहिली. पहिल्या रकान्यात काय दिसलं सांगू? गणपतीनंतरच्या बहुतेक नोंदी डबा झाल्यानंतरच्या आहेत. ज्या दिवशी खिचडी किंवा उपमा, त्या दिवशी काही नाही. भाकरीच्या दिवशी ताट ढकललं, भाकरीच्या दिवशी ताईंची वेणी ओढली. (ताईंनी तू शिकवल्याप्रमाणे त्याची मूठ डोक्याशीच घट्ट दाबून धरली, हिसका दिला नाही, म्हणून केस वाचले.) ढोल नुसतं शेवटचं निमित्त होता.

त्याच्या आईला विचारलं. म्हणाली, रात्री उठून बसतो, स्वतःच्या गालावर चापट्या मारतो. मग आधी का नाही बोलली? तर सगळे म्हणाले, वयात आलाय. माधवी, या दोन शब्दांनी आपल्या मुलांचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं कशानेच नाही. कान दुखतोय, वयात आलाय. चार दिवस पोट साफ नाही, वयात आलाय. फिटची नवी गोळी सुरू झाल्यापासून चिडचिड वाढली, तरी वयात आलाय. ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही त्याने कसं सांगायचं मग? मी टॉर्च मारून कसंबसं पाहिलं. डावीकडची मागची दाढ काळी पडलीय, हिरडी टरारून सुजलीय. डॉक्टर म्हणतात, खुर्चीत बसत नसेल तर भूल देऊन काढावी लागेल, आणि त्याची तारीख पुढच्या महिन्यातली. तोवर वेदनाशामक आणि मऊ भात.

आणि शाळा समितीची सभा बुधवारी आहे.

त्याला ‘सुधारणा होईपर्यंत’ घरी बसवायचं असा ठराव यायचाय. एकाने तर वेगळी खोली सुचवली, बाहेरून कडी असलेली. मला एकदम तू आठवलीस, स्टूलवर चढून स्टोअररूमची कडी काढणारी. मोठ्या बाईंनी शाळाभर शोधली आणि ती तुझ्या पर्समध्ये डब्याखाली! अजून आहे का गं तुझ्याकडे? सभेत टेबलावर ठेवायची इच्छा आहे.

त्याच्या आईला कळलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘बाई, मी चार घरची धुणीभांडी करते. हा घरी राहिला तर बांधून जावं लागेल.’ बांधून. आपल्याला डी.एड.ला तामिळनाडूतल्या एरवाडीच्या मनोरुग्णांच्या आश्रमाचं शिकवलं होतं ना, 2001 च्या ऑगस्टमधलं, साखळ्यांनी बांधलेली 28 माणसं आगीतून पळूच शकली नाहीत. तेव्हा परीक्षेपुरतं लिहिलं होतं. परवा त्या बाईच्या तोंडून ऐकलं आणि पोटात गोळा आला.

सभेसाठी कागद काढलेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं 31 वं कलम, अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, जवळच्या शाळेत किंवा हव्या त्या विशेष शाळेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं 97 वं कलमही घेतलंय. तो शाळांसाठी नाही, माहीत आहे. पण जिथे आजारी माणसं ठेवतात तिथेसुद्धा एकट्याला कोंडायला मनाई आहे, आणि धरून ठेवायचं तर लगेचची इजा टाळायला दुसरा काही इलाजच नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांच्या परवानगीने, आणि चोवीस तासांत त्या माणसाच्या नेमलेल्या प्रतिनिधीला कळवून. मग आपण मुलांच्या शाळेत त्याहून कमी का पाळावं? आमच्याकडे गुरुवारी त्याच्या आईला फोनसुद्धा मीच केला, तोही संध्याकाळी, ती कामावरून आल्यावर.

सरांवर माझा राग नाही. ओठाला टाके पडलेत, पोरगा घाबरलाय, नोकरी सोडायचं म्हणतो. त्याला सांगितलं, आमच्या माधवीबाईंना याच साहेबांनी सातव्या वर्षी कडकडून चावलं होतं, आणि डॉक्टरने विचारलं, ‘कुत्रा पाळलेला होता की भटका?’ पहिल्यांदा हसला बिचारा, टाके दुखेपर्यंत. मग मी त्याला दाखवलं, चावा बसला की हात ओढायचा नाही, उलट आत दाबायचा, जबडा आपोआप सैल होतो. खुर्चीवर बसून दोघांनी तालीम केली. पुढच्या आठवड्यापासून शनिवारी सगळ्यांची घेणार आहे. मामा, ताई, गाडीचे ड्रायव्हर, सगळे. सभेत काय व्हायचं ते होवो.

तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? चालायला लागल्या का? लेकीची बारावी, तिला माझे आशीर्वाद सांग आणि तिच्या मागे लागू नकोस. नवीन घराचे फोटो पाहिले, स्वयंपाकघर छान. सविस्तर पुन्हा लिहीन.

आता माझं काम ऐक. पत्र पोस्टाने येईपर्यंत सभा होऊन जाईल, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवतेय. दोन गोष्टी मंगळवारपर्यंत हव्यात. एक, समितीच्या नावाने एक पान लिही: तो तुझ्या वर्गात आला तेव्हा कसा होता आणि तू गेलीस तेव्हा कसा. मऊ लिहू नकोस, चावल्याचंही लिही. दुसरी, तू त्याला एकदा दातांच्या डॉक्टरकडे भुलीशिवाय खुर्चीत बसवलं होतंस. मला चमचा, हातातला आरसा आणि रुमाल एवढं आठवतं. आधी घरी किती दिवस सराव घेतलास, आरसा आधी की चमचा आधी, आणि तोंड उघडल्यावर तू किती आकडे मोजत होतीस, सगळं क्रमाने लिही. जमलं तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबायला नको.

तुझी,
शैला