पुण्याचं अजून नक्की नाही

मुक्ते,

बी फार्मला पुण्याला येणार का नाही असे तुझे सगळे मेसेज वाचले, तो रागावलेला इमोजी पण बघितला. दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीये म्हणून हे लांबलचक लिहितेय, मेसमधनं जेवून आलीस की निवांत वाच.

कॅपचा, म्हणजे सरकारच्या सामायिक ॲडमिशन प्रक्रियेचा, कॉलेजं क्रमानं लावायचा ऑप्शन फॉर्म भरलाय पण कन्फर्म नाही केला, नुसता सेव्ह करून ठेवलाय. वर पुण्यातली कॉलेजं आणि खाली कऱ्हाड असा क्रम आहे, आणि खरं सांगू का, तो क्रम आपण कोथरूडच्या रूमच्या हिशोबानं लावलेला, फार्मसीच्या नाही. आता मला कऱ्हाडच्या विद्यानगरचं गव्हर्नमेंट कॉलेज थेट एक नंबरला टाकावंसं वाटायला लागलंय. आणि पहिला ऑप्शन लागला की सीट ऑटो फ्रीझ, म्हणजे आपोआप पक्की, मग पुढच्या राउंडला बेटरमेंट बिटरमेंट काही नाही, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

तू म्हणशील पप्पांनी फीचं टेन्शन दिलं असेल. थोडं आहेच ते. २०२४ पासून ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची फी माफ आहे, पण कॅपमधनं ॲडमिशन घेतलं तरच, आणि तुला आवडलेली ती चकाचक प्रायव्हेट युनिव्हर्सिटी त्यात बसतच नाही. तिथं पूर्ण फी भरा, वर रूम, मेस, डिपॉझिट. पुण्यातलं दुसरं कॉलेज कॅपमधलं आहे, तिथं फी माफ होईल पण पुण्यात राहायचा खर्च कोण माफ करणार? विट्यावरनं कऱ्हाडला मी एसटीनं अर्ध्या तिकिटात रोज जाऊन येऊ शकते. दाखले सगळे तयार आहेत, नॉन क्रिमीलेअरसाठी तहसीलला किती हेलपाटे घातले ते भेटल्यावर सांगते.

पण नुसत्या पैशानं माझं मन फिरलं नाही. बी फार्मचा सिलॅबस पीसीआयनं, म्हणजे फार्मसी कौन्सिलनं, सगळीकडे एकच केलाय, ८ सेमिस्टर, तेच फार्माकॉलॉजी तेच फार्माकॉग्नसी, पुण्यात असो नाहीतर कऱ्हाडात. मग फरक पडतो तो लॅबमध्ये आपला हात किती लागतो त्यानं. पुण्यात एका ठिकाणी मी लॅब बघायची म्हटलं तर काउन्सेलर मॅडमनी प्लेसमेंटचा बोर्ड दाखवला, दुसऱ्यांदा म्हटलं तर कॅन्टीन दाखवलं. कऱ्हाडला मी ओळखीच्या एका सीनियर ताईबरोबर गेले तर तिच्या बॅचचं गोळ्या पाडायचं प्रॅक्टिकल चालू होतं, हाताच्या चाकाची मशीन, एकावेळी एक गोळी पडते, आणि पडली की गोळीची वरची टोपीच निघून यायची. ग्रॅन्युल्स फार कोरडे झाले की असं होतं म्हणे. त्या सगळ्या वैतागल्या होत्या आणि मी मात्र हलायला तयार नाही. मग बरी निघालेली बॅच प्लॅस्टिकच्या एका ड्रममध्ये टाकली, ४ मिनिटांत १०० फेरे, आणि वजन १ टक्क्याच्या वर घटलं तर फेल. आपण क्रोसिन गिळतो तेव्हा ती खोक्यात आपटून आपटून दुकानापर्यंत अख्खी कशी येते हा प्रश्न मला आयुष्यात पडला नव्हता गं. मला हेच करायचंय, फॉर्म्युलेशन, औषधाची नीट गोळी बनवायचं काम.

मावशी परवा म्हणालीच, चार वर्षं शिकून शेवटी मेडिकलच टाकणार ना! टाकेन पण एकवेळ, निदान माझं सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानाच्या भिंतीवर आणि मी भलत्याच गावाला असं तरी नाही करणार. सुट्टीत मी ज्या दुकानात बसायचे तिथं फार्मासिस्ट मला कधी दिसलाच नाही, बारावीतला पोरगा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात त्या लाल रेघेच्या पट्ट्या कापून देत होता.

पुण्याच्या बाजूनं पण बोलते, नाहीतर तू म्हणशील हिनं आधीच ठरवलंय. सहाव्या सेमनंतर १५० तासांचं ट्रेनिंग असतं कंपनीत किंवा हॉस्पिटलमध्ये, तेव्हा पुण्यात असलेलं सोपं जाणार, इकडनं मला ओळखी काढत बसायला लागेल. इंग्लिश पण तिकडे सुधारलं असतं. आणि तू आहेस तिथं. हे मी शेवटी लिहिलं म्हणून ते कमी आहे असं समजू नको. रात्री गॅलरीत बसून मॅगी खायचं आपण आठवीपासून ठरवतोय आणि ते मोडणारी मी, हे मला पण बोचतंय, पण चार वर्षं लॅबला कुलूप बघून मी तुझ्याच डोक्याशी कटकट केली असती.

फार्म डीच्या कोर्सचं तू सुचवलंस ते घरी बोलले. ६ वर्षं ऐकूनच पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता एक काम कर. तुझ्या रूममेटची बहीण त्या कॅपवाल्या कॉलेजला थर्ड इयरला आहे ना, तिला विचार की प्रॅक्टिकलला एका मशीनवर किती जणी असतात आणि जर्नल स्वतः करून लिहितात का मागच्या वर्षीचं बघून उतरवतात. खरं सांग म्हणावं, कॉलेजची लाज राखू नको. तिचं उत्तर चांगलं आलं तर मी परत विचार करेन, शप्पथ. उद्या संध्याकाळच्या आत मला फॉर्म लॉक करायचाय, त्याआधी फोन कर, आणि आई जवळ असेल तेव्हा मी नुसतं हं हं करेन, तू बोलत राहा.

तुझीच,
पियू