केमोपोर्ट साहाय्य निधीसाठी नागरिकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

कर्करोगावरील उपचारांसाठी आपल्या तालुक्यातून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णांना आपल्या मंडळाची रुग्ण साहाय्य समिती आजवर प्रवासखर्च आणि महिन्याचा शिधा देत आली आहे. यंदा केमोपोर्टसाठी, म्हणजे केमोचे औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवायच्या डबीसाठी, स्वतंत्र निधी उभारण्याचे ठरले असून, त्यासाठी हे आवाहन आहे.

या निर्णयाला निमित्त झाल्या आपल्याच आळीतील एक भगिनी. उजव्या स्तनाची शस्त्रक्रिया होऊन काखेतील गाठी काढलेल्या असल्याने त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. राहिला डावा हात. डॉक्टरांनी सुरुवातीलाच पोर्ट सुचवले होते, परंतु खर्चाचा आकडा ऐकून या भगिनींनी हातावरच्या शिरेवरच भागवायचे ठरवले. तीन-तीन आठवड्यांनी लाल औषधाच्या चार सायकली, म्हणजे केमोच्या फेऱ्या, होईपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंतची शीर काळवंडून सुतळीसारखी कडक झाली. पुढे दर आठवड्याची एक, अशा बारा केमो बाकी होत्या. गरम पाण्यात हात बुडवून, चापट्या मारून, तीन-चार वेळा टोचल्यावर कुठे शीर सापडे.

हे लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, शिरेबाहेर झिरपले तर आतले मांस जळून जखम होते. पोर्ट म्हणजे हासळीच्या हाडाखाली त्वचेच्या आत बसवलेली, साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी डबी. तिची नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडलेली असते, त्यामुळे औषध रक्तात चटकन मिसळते. आतड्याच्या कर्करोगात काही वेळा सलग ४६ तास पंपाने औषध द्यावे लागते, तेथे हातावरच्या सुईचा भरवसा धरता येत नाही.

पोर्ट सर्वांनाच लागते असे मात्र नाही. शिरा चांगल्या असतील, सायकली थोड्या असतील आणि औषध शिरेला जाळणारे नसेल, तर साधे इंट्राकॅथ, म्हणजे हातावरच्या शिरेत लावायची छोटी नळी, पुरते. पोर्टलाही जंतुसंसर्गाचा आणि रक्ताच्या गुठळीचा धोका असतोच, शिवाय ते बसवायला आणि काढायला छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र असल्याशिवाय समिती अर्ज घेणार नाही. पोर्ट की हात, हे डॉक्टरांनी रुग्णाशी बोलून ठरवावे. घरातल्या पैशांवरून ते ठरू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

खर्च डबीपाशी संपत नाही. पोर्टमध्ये साधी सुई चालत नाही, दर वेळी नवी ह्यूबर सुई लागते. आणि केमो संपल्यावरही पोर्ट आत असेपर्यंत डॉक्टर सांगतील त्या अंतराने ते सलाईन किंवा हेपॅरिनने (रक्त गोठू न देणारे औषध) धुऊन घ्यावे लागते. तेवढ्यासाठी रुग्णाला मुंबईची फेरी पडू नये, म्हणून पोर्ट हाताळण्याचा अनुभव असलेल्या, विशेषतः निवृत्त, परिचारिकांनी आठवड्यातील एखादा दिवस तालुक्यातील डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावा, अशी विनंती आहे.

देणगी धनादेशाने किंवा रोख स्वीकारली जाईल आणि तिची पावती मिळेल. साहाय्याची रक्कम रुग्णाच्या हाती न देता रुग्णालयाच्या अथवा औषध दुकानाच्या बिलापोटी थेट भरली जाईल. घरी उरलेल्या ह्यूबर सुया सीलबंद आणि मुदतीतील असतील तर अवश्य आणून द्याव्यात. काढलेले पोर्ट मात्र कृपया आणू नये, ते दुसऱ्याला बसवता येत नाही. मंडळाचे कार्यालय रोज सायंकाळी ६ ते ८ या वेळेत उघडे असते.

आपले नम्र,
रुग्ण साहाय्य समितीचे सर्व सभासद