तात्या, तुम्ही बांध मागं घेतला म्हणून यंदाची सुगी सोपी गेली

तात्या, नमस्कार.

समोर बोलायला गेलं की तुम्ही "बस, चहा घे" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, राग मानू नका.

यंदा आमच्या पट्टीतला कडबा ट्रॉलीत भरून थेट वस्तीवर आला. ज्यानं मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी काढलीय त्यालाच कळेल मी काय म्हणतोय ते, दाणा पोत्यात मावतो पण कडबा ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी हात-हातभर बाहेर येतो, आणि आपली पाणंद दोन्हीकडच्या बांधांनी खाऊन खाऊन बैलगाडीपुरतीपण राहिली नव्हती. मळणी मशीनवाला डांबरीवरच थांबायचा, आत यायला नाहीच म्हणायचा. मग कणसं पाट्यांनी वाहायची आणि पेंढ्या डोक्यावरनं, फाल्गुनातल्या उन्हात, आई आणि बायको दोघीपण, पातीनं माना कापून निघायच्या त्यांच्या.

गाव नकाशावर रस्ता होताच, दुहेरी तुटक रेघ स्पष्ट दिसते. 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं अर्ज करता आला असता, अडवलेली वहिवाट त्यात मोकळी करून मिळते, पण नोटीस, पंचनामा, तारखा आणि वर शेजाऱ्यांशी जन्माचं वैर, ते कुणालाच नको होतं. तुम्ही कुणी न सांगता खुणेपर्यंत आपला बांध मागं घेतला, तीपण विहिरीजवळची भारी काळी जमीन! मग बाकीच्यांना बोलायला तोंडच राहिलं नाही, एकेकानं आपापला बांध सरकवला. आधी जमीन सोडणारा माणूस मिळत नाही तात्या, आम्हाला तुम्ही मिळालात.

आणि वळणावरचा तो लिंब. जेसीबीवाला सरळ मुळासकट काढायला निघाला होता, तुम्ही बकेटीसमोर जाऊन उभे राहिलात आणि रस्ता तेवढ्यापुरता वळवून घेतला. आत्ता बघा त्याच्याकडं, शेंड्याला तांबूस कोवळी पानं, खाली पांढऱ्या फुलांचा सडा, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, आईच्या पदरावर, जेवणाच्या डब्यात सुद्धा फुलं. पाडव्याला निम्म्या वस्तीनं त्याचाच डहाळा गुढीला बांधला आणि फुलं गूळ-जिऱ्यात वाटली. काढणीच्या बाया दुपारी त्याच्याच खाली भाकरी सोडतात.

सकाळी लवकर गेलं तर फुफाट्यात चंडोल अंग घोळत बसलेले असतात, तारेवर वेडे राघू, आणि पोरं सायकलवरनं चिंचा पाडायला निघालेली, पोरीपण असतात त्यात हे मला फार आवडतं, आधी झुडपातनं वाट म्हणून त्यांना एकटं कुणी पाठवत नव्हतं. दूधवाला आता मोटारसायकल घेऊन गोठ्यापर्यंत येतो. बहिणीचं बाळंतपण पावसाळ्यात आहे, गाडी दारापर्यंत येईल एवढ्यानंच आईचा जीव खाली पडलाय.

फक्त ओढ्याजवळचा उतार राहिलाय, तिथली काळी माती पहिल्या वळवालाच चिखल धरणार. वैशाखातच मुरूम टाकून घेऊ, ट्रॅक्टर माझा, डिझेल माझं, तुमच्याकडनं छदाम घेणार नाही. कुठं किती टाकायचा तेवढं तुम्ही येऊन दाखवा. आणि काकूंना सांगा, यंदाची ज्वारी निवडून ठेवलीय, पोतं मी स्वतः आणून देतो, नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
खालच्या पट्टीतला पुतण्या