लायनरच्या आधी पत्रा आणि जमीन पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरमधील आमच्या वसाहतीने मुलांसाठी 9 वर्षांपूर्वी जमिनीवर उभा करायचा तरणतलाव घेतला. त्याची गोल भिंत पत्र्याची असून आत पाणी धरून ठेवणारे व्हिनाइलचे (प्लास्टिकचे) अस्तर, म्हणजे लायनर, आहे. यंदा पाणी उतरू लागल्यापासून दुरुस्ती करावी की नवा घ्यावा, यावर दोन बैठका झाल्या. दोन्ही वेळा चर्चा लायनरच्या किमतीपाशीच अडली.

लायनर हे झिजणारेच असते. ऊन आणि क्लोरीन यांमुळे ते कडक होऊन चिरते. लहान छिद्र असल्यास ठिगळाने भागते. मुळात गळती आहे का, हेही सहज कळते. तलावाच्या पाण्याने भरलेली बादली तलावातच ठेवून दोन्ही पातळ्यांवर खुणा कराव्यात आणि 24 तासांनी तलावाचे पाणी बादलीपेक्षा अधिक उतरले असेल, तरच गळती समजावी. मे महिन्यातील इंदुरी उन्हात एरवीही पाणी आटतेच.

खरा प्रश्न पत्र्याचा आहे. 15 फूट व्यासाच्या आमच्या तलावात साडेतीन फूट पाणी भरले की ते सुमारे 17,500 लिटर, म्हणजे साडेसतरा टन होते. हा भार भिंतीला सतत बाहेर ढकलतो आणि दाब तळाशी सर्वांत जास्त असतो. गळलेले पाणी नेमके तिथेच साचते. त्यामुळे वरचा रंग शाबूत दिसत असतानाही पत्रा आतून गंजत जातो. आमच्याकडे दोन खांबांच्या बुडाशी पत्रा नुसता बोटाने दाबला तरी भुगा पडतो. अशी भिंत फाटली तर साडेसतरा टन पाणी क्षणात बाहेर येईल, आणि त्या वेळी आत आपलीच मुले असतील. त्यामुळे या पत्र्यावर नवे लायनर चढवण्यास माझा स्पष्ट विरोध आहे.

मात्र नवा तलाव जुन्याच जागी तसाच उभारणेही चुकीचे ठरेल. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे आमचा तलाव एका बाजूला कलला असून त्या बाजूच्या खांबांवर अधिक ताण येतो. तेथील काळी माती काढून, मुरूम भरून व थराथराने दाबून जागा समपातळीत आणावी, मगच खरेदी करावी. हे काम पावसाळा संपल्यावर केलेले बरे.

जुन्या तलावातील पाणीही गटारात सोडू नये. जलूदहून पंपांनी उचलून नर्मदेचे पाणी आपल्या शहरात येते, हे इंदूरकरांना सांगायला नको. क्लोरीन टाकणे थांबवून पाणी काही दिवस उन्हात राहू दिले, तर ते बागेला देता येईल.

पत्र्याची तपासणी होईपर्यंत मुलांना तलावात उतरू देऊ नये, असे मी समितीला लेखी कळवले आहे. ज्या वसाहतींत असे जुने तलाव आहेत, तेथील पालकांनीही या उन्हाळ्यात पाणी भरण्यापूर्वी खांबांची बुडे स्वतः पाहावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, इंदूर