टोळांचा बंदोबस्त अंडी मातीत असतानाच

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

टोळधाडीच्या बातम्यांसोबत आभाळ झाकणाऱ्या थव्यांची छायाचित्रे छापली जातात. परंतु थवा जिथून उभा राहतो त्या मादीच्या अंड्यांविषयी मराठीत फार थोडे वाचायला मिळते. मे २०२० मध्ये विदर्भात टोळ उतरले, तेव्हा ते इथेच अंडी घालतील, ही शेतकऱ्यांची भीती रास्त होती. थव्यातील कोवळे टोळ गुलाबी असतात आणि प्रजननक्षम झाल्यावर पिवळे होतात, एवढी खूण जरी सर्वांना ठाऊक असती, तरी त्या भीतीला काही आधार आहे की नाही हे शेतावरच पडताळता आले असते.

मादीच्या मेंदूमागील दोन इवल्या ग्रंथींतून ज्युवेनाइल हॉर्मोन स्रवते, त्याच्या प्रभावाने शरीरातील मेदपेशी बलकाची प्रथिने तयार करतात आणि ती रक्तावाटे बीजांडकोशात पोचून अंडी भरू लागतात. मग मादी पोट ताणून ओलसर वाळूत सुमारे १० ते १५ सेंटिमीटर खोल अंडपुंज ठेवते आणि सहायक ग्रंथींतील फेसाने वरचे भोक बुजवते. हा फेस मला सर्वांत विलक्षण वाटतो. तो वाळून बूच होतो, आतली ओल धरून ठेवतो, पिल्लांना वर येण्याची वाट देतो आणि त्याच्या गंधाने इतर माद्याही तिथेच अंडी घालायला येतात. पिल्लांना थव्याने राहण्याची प्रवृत्ती देणारे द्रव्यही त्यात असते, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. इतरांना ते मान्य नाही. आपल्या कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी हा वाद जरूर अभ्यासावा.

अंडी मातीतून जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके पाणी शोषतात, त्यामुळे वाळवंटातील पावसाच्या नोंदींवरून धोक्याची जागा आधीच हेरता येते. उडणाऱ्या थव्यामागे फवारणी यंत्रे धावडवण्यापेक्षा या टेहळणीवर अधिक खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

मावळ, मुळशी, भोरच्या भातखाचरांतील नाकतोडा हा टोळांचाच नातलग. त्याची अंडी पावसाळ्यापर्यंत बांधाच्या मातीत पडून असतात आणि उन्हाळ्यात बांध तासले की उघडी पडून उन्हाने व पक्ष्यांमुळे नष्ट होतात. आपल्या कृषी पुरवणीत ही माहिती दरवर्षी एप्रिलमध्ये, अंडपुंजाच्या चित्रासह, अवश्य द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
कीटकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, शिवाजीनगर, पुणे